पहिलं गाव कुठे वसवायचं? एका संगणकी खेळातली शहरं आणि आपलं इंदूर

मंडळाच्या बैठकीत हा विषय मांडते म्हटल्यावर दोन-तीन ज्येष्ठ सभासदांच्या भुवया वर गेल्या होत्या. "सनदा, बखरी, नकाशे सोडून आता खेळ का?" असं एकांनी विचारलंही. त्याचं उत्तर शेवटी येईल. आधी खेळ काय आहे, ते सांगते.

गेल्या उन्हाळ्यात भाचा महिनाभर आमच्याकडे होता. दुपारच्या उन्हात बाहेर जाणं नाही, म्हणून लॅपटॉप उघडून बसायचा. एक दिवस म्हणाला, "मावशी, तू सारखं गाव कसं वसलं, पेठा कशा वसल्या हेच बोलतेस ना? मग बस इथे, वसवून दाखव." मी बसले. माझं पहिलं गाव मी रत्नांच्या खाणीशेजारी, मोकळ्या माळावर वसवलं. पैसा येईल, असा हिशोब. चाळीस पाळ्या झाल्या तरी गावात दोनच माणसं! भाचा पोट धरून हसला. "मावशी, पाणी कुठेय?" इंदुरात जन्म काढलेल्या बाईला हा प्रश्न एका सोळा वर्षांच्या पोराने विचारावा, हे मनाला लागलं. तेव्हापासून मी हा खेळ नीट समजून घेतला.

खेळाची ओळख

खेळाचं नाव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर यांनी केलेला पहिला भाग १९९१ साली आला. मी खेळले तो सहावा, २०१६ सालचा. इसवी सनापूर्वी ४००० पासून सुरुवात होते आणि डाव थेट आधुनिक काळापर्यंत जातो. बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा, त्यामुळे घाई नाही. पट षटकोनी घरांचा. प्रत्येक घर म्हणजे जमिनीचा एक तुकडा: कुरण, माळ, टेकडी, जंगल, वाळवंट, समुद्र. सुरुवातीला हातात असतात फक्त एक सेटलर, म्हणजे वसाहत करणारी टोळी, आणि एक लढवय्या. टोळीला एखाद्या घरावर बसवलं की तिथे शहर उभं राहतं आणि टोळी संपते.

शहर मिळवतं मुख्यतः दोन गोष्टी: अन्न आणि उत्पादन. अन्नाने माणसं वाढतात, उत्पादनाने वस्तू आणि इमारती होतात. गावातला प्रत्येक नागरिक आसपासच्या एका घरावर राबतो आणि तिथलं अन्न-उत्पादन घरी आणतो. गावाच्या मध्यापासून तीन घरांपर्यंतची जमीन गावाला कसता येते. शहराच्या स्वतःच्या घरातून कमीत कमी २ अन्न आणि १ उत्पादन मिळतंच. माळावरच्या टेकडीवर गाव बसवलं तर उत्पादन २ मिळतं. म्हणून जाणकार खेळाडू नदीकाठची टेकडी शोधतात.

अन्नाचा हिशोब

प्रत्येक नागरिक दर पाळीला २ अन्न खातो. खाऊन उरतं ते साठत जातं आणि ठरावीक साठा झाला की एक माणूस वाढतो. हा ठरावीक आकडा दर वेळी वाढत जातो. एकाचे दोन व्हायला १५ अन्न लागतं, दोनाचे तीन व्हायला २४, तीनाचे चार व्हायला ३३ आणि चाराचे पाच व्हायला ४४. म्हणजे वाढ जितकी होते, तितकी पुढची वाढ महाग पडते.

समजा, गाव कुरणात आहे. मध्यातून २ अन्न आलं, एक नागरिक कुरणात राबला त्याचे २, एकूण ४. त्यातले २ त्याने खाल्ले, २ उरले. पाळीला दोन या गतीने १५ जमायला ८ पाळ्या लागतात. दुसरा नागरिक आला, तोही कुरणात गेला, २ आणले नि २ खाल्ले. शिल्लक पुन्हा दोनच. ज्या घरातून दोनच अन्न येतं, तिथला माणूस स्वतःपुरतंच कमावतो, गाव वाढवत नाही. तीन अन्नाचं घर मिळालं तरच शिल्लक वाढते. म्हणून कुठे तांदूळ, गहू, गुरं, मासे आहेत ते आधी पाहायचं आणि पहिला बिल्डर, म्हणजे बांधकामाचा गडी, लवकर काढायचा. त्याच्या हाताला तीनच कामं असतात. ती झाली की तो संपतो. शेत केलं की त्या घरात एक अन्न वाढतं.

नवखा माणूस इथे एक चूक हमखास करतो. नागरिक कुठे राबतील हे संगणक आपोआप ठरवतो आणि ते तो तसंच सोडून देतो. पहिल्या वीस पाळ्या तरी हे आपल्या हाताने ठरवावं. आधी अन्नाच्या घरावर माणूस बसवून दोन-तीनपर्यंत वाढवावं, मग एखाद्याला जंगलातल्या टेकडीवर उत्पादनासाठी धाडावं. घरात आधी धान्य भरायचं, मग बाकी खरेदी. आपल्या आज्ज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पाणी म्हणजे निवारा

आता माझी चूक. खेळात अन्न असूनही गाव वाढत नाही, कारण 'हाउसिंग' नावाचा दुसरा आकडा असतो. त्याला निवारा म्हणू. गाव नदी, तळं किंवा मरूद्यानालगत असेल तर निवारा ५ मिळतो, समुद्रकाठी ३ आणि पाणी नसेल तर फक्त २. राजधानीला वाड्यामुळे आणखी १.

निवारा माणसांपेक्षा दोनने किंवा जास्त असेल तोवर वाढ पूर्ण गतीने होते. एकच शिल्लक राहिला की गती निम्मी. निवारा भरला की पाव. आणि माणसं निवाऱ्यापेक्षा पाचने जास्त झाली की वाढ ठप्प.

दोन गावं शेजारी मांडून बघा. दोन्ही कुरणात, दोन्हीकडे शिल्लक अन्न पाळीला दोनच. पहिलं नदीकाठी आहे. ते ८ पाळ्यांत दोन माणसांचं होतं आणि पुढच्या १२ पाळ्यांत तिघांचं. एकूण २० पाळ्या. दुसरं कोरड्यावर, निवारा २. तिथे एक माणूस असतानाच निवारा एकाने शिल्लक, म्हणजे पहिल्या दिवसापासून गती निम्मी. दोन व्हायला १५ पाळ्या. दोन झाल्यावर निवारा भरला, गती पाव, पाळीला अर्धं अन्न. २४ जमायला ४८ पाळ्या! एकूण ६३. जमीन तीच, माणसं तशीच, फरक फक्त पाण्याचा. माझ्या रत्नांच्या गावाचं हेच झालं होतं.

उपाय आहेत, पण त्यांना उत्पादन लागतं. मडकी घडवायची विद्या आली की कोठार बांधता येतं. त्याने १ अन्न आणि २ निवारा वाढतो. पण त्याला ६५ उत्पादन लागतं आणि नव्या गावाचं उत्पादन पाळीला दोन-तीन. वीस-तीस पाळ्या कोठारातच गेल्या. दोन शेतांमागे निवारा एकाने वाढतो, हा स्वस्त उपाय. पुढे अभियांत्रिकी आली की जलवाहिनी काढता येते. कोरड्या गावाचा निवारा तिने ६ वर जातो, नदीकाठच्या गावाचा आणखी २ ने वाढतो. मात्र जलवाहिनीचं घर गावाच्या मध्याला लागून असावं लागतं आणि त्याच घराशेजारी नदी, तळं, मरूद्यान किंवा डोंगर हवा. म्हणजे पाणी आणायचं तरी ते उंबऱ्याशीच हवं.

एक मोठं की अनेक लहान?

पहिलं गाव दोन-तीन माणसांचं झालं की प्रश्न येतो: ते वाढवत राहायचं की दुसरं वसवायचं?

नवी टोळी काढायला पहिल्या वेळी ८० उत्पादन लागतं आणि पुढे प्रत्येक टोळीमागे ३० ने भाव वाढतो. शिवाय टोळी निघाली की गावातला एक माणूस कमी होतो. गावात दोन तरी माणसं असल्याशिवाय टोळी निघतच नाही. म्हणजे गाव आपलंच अंग तोडून दुसरं गाव जन्माला घालतं. आपले पूर्वज साताऱ्याहून, पुण्याहून, कोकणातून माळव्यात आले तेव्हा मागच्या घरात एकेक जागा रिकामी झालीच होती.

तरीही सुरुवातीला अनेक गावंच फायद्याची. कारण वर दिलेल्या आकड्यांतच आहे. चाराचे पाच व्हायला ४४ अन्न लागतं, तर नव्या गावात एकाचे दोन व्हायला १५ च. शिवाय प्रत्येक नव्या गावाला मध्यातलं २ अन्न फुकट आणि नदी असेल तर स्वतःचा निवारा. युक्ती वेळ साधण्यात आहे. टोळी पुरी होण्याच्या सुमारास गावात तिसरा माणूस यावा, म्हणजे टोळी गेली तरी दोघं मागे राहतात. आधी एक टेहळ्या काढून आसपासचं पाणी बघून ठेवायचं, मग टोळी सोबत लढवय्या देऊन धाडायची, कारण वाटेत लुटारू असतात. सगळ्या राज्यात मिळून सहा माणसं झाली की 'आरंभीचं साम्राज्य' या टप्प्याला गती मिळते, आणि तो गाठल्यावर टोळ्यांचं उत्पादन दीडपट करणारं धोरण हाती येतं. दोन-तीन गावांनंतरचा पसारा त्या धोरणावर करावा.

दोन गावांच्या मध्ये कमीत कमी तीन घरं मोकळी लागतात. नवे खेळाडू भीतीने सहा-सात घरं सोडतात. गरज नाही. सुरुवातीच्या गावात तीन-चार माणसं, ती कसणार तीन-चार घरं. जमीन थोडी एकमेकांत गेली तरी शंभर पाळ्या कुणाचं अडत नाही.

एकाच गावाला फुगवण्यात आणखी एक अडचण असते. पहिल्या दोन माणसांना काही लागत नाही, पण पुढे दर दोन माणसांमागे एक सुखसोय लागते. नाही मिळाली तर लोक नाराज होऊन वाढ मंदावते. रेशीम, मसाले, हस्तिदंत अशी चैनीची वस्तू एक मिळाली की चार गावांना पुरते. तीच वस्तू दोन ठिकाणी सापडली तरी सुख दुप्पट होत नाही. म्हणून नवं गाव वसवताना पाण्यानंतर दुसरी गोष्ट पाहायची: आपल्याकडे नसलेली वस्तू.

पेठांची गणितं

या खेळाचा मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे डिस्ट्रिक्ट. मी त्यांना पेठाच म्हणते. विद्येची पेठ, व्यापाराची पेठ, देवस्थान, छावणी. या गावाच्या पोटात नसतात. प्रत्येकीला पटावर वेगळं घर द्यावं लागतं. गावात एक माणूस असला तर एक पेठ, चार झाली तर दोन, सातला तीन, दहाला चार. म्हणून लोकसंख्या वाढवताना चार आणि सात हे आकडे डोळ्यांपुढे ठेवायचे. तिघांवर अडकलेलं गाव आणि चारांचं गाव यांत माणूस एकच जास्त, पण पेठ दुप्पट.

पेठ एकदा घातली की हलवता येत नाही. शेतीचं उत्तम घर पेठेखाली गेलं की ते अन्न कायमचं गेलं. जंगलाचं तसंच. तोडलं की एकरकमी उत्पादन मिळतं, टोळी किंवा पेठ चार-पाच पाळ्या आधी होते. पण ते जंगल दर पाळीला देत होतं ते संपतं. चांगले खेळाडू तोडतात, नाही असं नाही, पण कशासाठी तोडतो हे ठरवून.

आपलं गाव या पटावर

आता इंदूर. पटावर ठेवून पाहिलं तर जागा बरी आहे. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्या, भोवती काळी जमीन. कंपेलचे जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांनी १७१६ साली इथे करमुक्त व्यापाराची सनद मिळवली असं मानतात. म्हणजे पहिला जोर शेतावर नव्हता, रस्त्यावर होता. खेळातही व्यापारी तांडा एका गावाहून दुसऱ्याकडे धाडला की धाडणाऱ्या गावाला अन्न आणि उत्पादन मिळतं आणि तांडा जातो त्या वाटेवर रस्ता तयार होत जातो. इथे खेळ आणि इतिहास जुळतात.

जुळत नाही ती राजधानी. खेळात बहुतेकांची राजधानी पहिल्या गावात ठोकलेली असते. पुढच्या एका भागात फिनिशियाच्या डिडो राणीला ती हलवायची सोय दिली आहे. आपल्याकडे अहिल्याबाईंनी महेश्वरहून राज्य केलं. महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि मग इंदूर राजधानी झालं. त्या निर्णयाने गावाला जे बळ आलं, ते कुठल्याही शेताने आलं नसतं. पुढे अफूचा आणि कापसाचा व्यापार, तुकोजीराव दुसरे यांनी इंग्रज सरकारला रेल्वेसाठी दिलेलं एक कोटींचं कर्ज, गिरण्या. एका माणसामागे दोन अन्न या हिशोबात हे बसत नाही. गावं बाहेरून आलेल्या माणसांनीही वाढतात. आपली मराठी घरं हाच त्याचा पुरावा.

आणखी एक गोष्ट खटकली. खेळातली जमीन रिकामी असते. वाटेत आदिवासी पाडा लागला तर तिथे पाऊल टाकताच तो काहीतरी भेट देतो आणि पटावरून नाहीसा होतो. माळव्यात आणि निमाडात भिल्ल आपल्या आधीपासून होते, आजही आहेत. गावाच्या स्थापनेचा इतिहास लिहिताना आपणही कधी कधी तो पाडा पटावरून असाच पुसतो. हे मी स्वतःलाही सांगते आहे.

आणि आता विहीर

शेवटी राखून ठेवलेला मुद्दा. या खेळात भारत घेऊन खेळलं तर एक खास बांधकाम मिळतं, जे दुसऱ्या कुणाला मिळत नाही: पायऱ्यांची विहीर. आपली बारव, इथली बावडी. सिंचनाची विद्या आली की ती बांधता येते. १ अन्न, १ निवारा. शेजारी शेत असेल तर आणखी अन्न, शेजारी देवस्थान असेल तर श्रद्धा वाढते. नंतरच्या भागात तिने दुष्काळातलं अन्नाचं नुकसानही टळतं. भाच्याने भारत घेऊन डाव मांडला तेव्हा कोरड्या माळावरची गावंही बारवांच्या जोरावर उभी राहिली.

आणि यातली खोच पाहा. पुढे जलवाहिनी आली म्हणून बारवेचा निवारा कमी होत नाही. दोन्हींची बेरीज होते. उलट, बऱ्याच पुढे स्वच्छतेचं तंत्र सापडलं की बारवेचा निवारा आणखी एकाने वाढतो. जुनी गोष्ट नव्या ज्ञानाने जास्त उपयोगी होते.

आपण काय केलं? आपली जलवाहिनी म्हणजे नर्मदा. सुमारे सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून, १९७८ साली ते पाणी शहरात आलं. त्यासाठी इंदूरकरांनी आंदोलन केलं होतं आणि ते योग्यच होतं. पण नळ आला आणि विहिरींवर झाकणं पडली. आमच्या माहेरच्या वाड्यातली विहीर मी लहान असताना रहाटासकट होती. पुढे कचरा टाकून तिच्यावर फरशी घातली. त्या फरशीवर आम्ही भावंडं लगोरी खेळलो आहोत. खाली काय आहे ते आम्हाला माहीत होतं. नंतर वाडा विकला गेला. आज तिथे राहणाऱ्यांना ते माहीत असेल का?

३० मार्च २०२३, रामनवमी. शहरातल्या एका मंदिरात भाविक ज्या फरशीवर बसले होते, तिच्याखाली जुनी बावडी होती. फरशी कोसळली आणि ३६ माणसं गेली. तो दिवस इथे कुणी विसरलेलं नाही. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

१९१८ साली पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारासाठी शहररचनेचा अहवाल दोन खंडांत लिहिला. गल्ल्या फिरून, जुन्या वस्त्या शक्य तितक्या राखून, लागेल तिथेच थोडी काटछाट करावी, अशी त्यांची पद्धत होती. आधी बघा, मग हात लावा. खेळातला चांगला खेळाडूही टोळी बसवण्याआधी टेहळ्या फिरवतो, तो याचसाठी.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. सनदा आणि नकाशे सोडायचे नाहीतच. पण त्यांत आपल्या घरामागची विहीर बहुधा सापडणार नाही. ती सापडते म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत, आणि ती माणसं दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून सभासदांना विनंती: पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या, वाड्यातल्या, देवळामागच्या जुन्या विहिरींची यादी करून आणावी. उघडी आहे की झाकलेली, कशाने झाकलेली, वर आज काय आहे, कुणी सांगितलं, एवढं पुरे. जागा नक्की आठवत नसेल तर जवळचं झाड किंवा कोपरा लिहा. त्या सगळ्या आपण एका नकाशावर मांडू आणि ज्यांना तो द्यायला हवा त्यांना देऊ.

यादीतली पहिली नोंद मी लिहून ठेवली आहे. माहेरचा वाडा, मागचं अंगण, पेरूच्या झाडापासून चार पावलं. झाकलेली. वर काय आहे ते या रविवारी जाऊन बघणार आहे.